एमडी५ मधले जुने पासवर्ड बीक्रिप्टमध्ये कसे न्यायचे?

सीताबर्डी_डेव्ह: नागपुरातल्या एका अभ्यासिकेचं जुनं पीएचपी सॉफ्टवेअर आहे. पासवर्ड साध्या एमडी५ हॅशमध्ये (हॅश म्हणजे पासवर्डवरून काढलेली, उलट फिरवता न येणारी अक्षरांची ओळ; एमडी५ ही त्याची जुनी, कमकुवत पद्धत), सॉल्ट (हॅश काढताना पासवर्डला जोडायची यादृच्छिक अक्षरं) नाही. सगळ्या मुलांना पासवर्ड रीसेट न करायला लावता बीक्रिप्टमध्ये (मुद्दाम सावकाश चालणारी, मजबूत हॅश पद्धत) बदलता येईल का?

महालकर: येईल ना भाऊ. आधी डेटाबेसातला पासवर्डचा कॉलम ३२ अक्षरांचा २५५ चा करा. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा असतो. कॉलम अपुरा पडून तो कापला गेला, तर कोणाचंच लॉगिन होणार नाही. मग स्क्रिप्टनं प्रत्येक एमडी५ वरच बीक्रिप्ट चढवा आणि त्या ओळीत ‘जुना’ अशी खूण ठेवा. लॉगिनला खूण दिसली तर टाइप केलेल्याचा एमडी५ काढून तपासा. जुळला की थेट पासवर्डचा नवा हॅश साठवा, खूण पुसा. एमडी५ हेक्समधलाच (० ते ९ आणि a ते f मध्ये लिहिलेला) घ्या, बायनरीत शून्य बाइट आला की घोळ होतो. बीक्रिप्टची कॉस्ट (हॅश काढायला किती मेहनत लागेल तो आकडा) १२ ठेवा. आणि पुन्हा हॅश काढून बरोबरीच्या चिन्हानं जुळवू नका, सॉल्ट दर वेळी वेगळा असतो. पीएचपीचं पासवर्ड_व्हेरिफाय हे फंक्शन त्यासाठीच आहे.

जुने बॅकअपही नष्ट करा, त्यांत एमडी५ तसेच पडून असतात.

धरमपेठ_अ‍ॅडमिन: एक भर. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं. देवनागरीत मात्रा, अनुस्वार धरून प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट, म्हणजे २४ चिन्हांतच मर्यादा संपते.

सीताबर्डी_डेव्ह: लॉगिनच्या चुकीच्या प्रयत्नांवर आयपीनुसार (इंटरनेट पत्त्यानुसार) कुलूप लावू?

धरमपेठ_अ‍ॅडमिन: नुसत्या आयपीवर नको. अख्खी अभ्यासिका एकाच वाय-फायवर, एकाच्या चुकीनं सगळे बाहेर! खातं आणि आयपी मिळून मोजा, दर चुकीला थांबा वाढवा.