मदत हवी आहे: आईला इंग्रजीतून आवडनिवड सांगायला कसं शिकवावं?

पारिजात_सातारा
आई ६१ वर्षांची, मराठी माध्यमातून सातवी. इंग्रजी अक्षरं वाचता येतात. जानेवारीत ताईकडे लीड्सला जाणार आहे. नातू सात वर्षांचा, त्याला मराठी कळतं पण उत्तर देतो इंग्रजीतच. व्याकरणाचं पुस्तक नकोय. खाणं, खेळ, कार्टून यातलं काय आवडतं, काय नाही, एवढं बोलता आलं तरी पुष्कळ. सध्या अडतं ते असं: ‘टी लाइक मी’, ‘आय ॲम लाइक टी’, ‘आय नॉट लाइक’, ‘आय व्हेरी लाइक’. सुरुवात कुठून करू?

खडूफळा
पहिली चूक आधी घ्या, तीच मुळाशी आहे. मराठीत चहा आवडतो, कॉफी आवडते, दूध आवडतं, आंबे आवडतात. क्रियापद वस्तूमागे फिरतं आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. इंग्रजीत सगळं माणसाच्या हातात. म्हणून आईंना नियम सांगू नका, क्रम सांगा: आधी माणूस, मग ‘लाइक’, शेवटी वस्तू. ‘मँगोज लाइक मी’ म्हणजे आंब्यांना मी आवडते, हे एकदा सांगा. हसतील आणि विसरणार नाहीत.

‘आय ॲम लाइक’ येतं कारण पहिल्या धड्यात नाव सांगताना ‘आय ॲम’ ही जोडी घट्ट बसलेली असते. दोन रकाने करा. ‘आय ॲम’च्या पुढे नाव किंवा स्थिती: हंग्री, टायर्ड, हॅपी. नुसत्या ‘आय’च्या पुढे लाइक, वाँट, नीड. दोन्ही रकान्यांतली वाक्यं आलटून पालटून म्हणून घ्या.

नकारासाठी ‘आय डोन्ट लाइक’ हा अख्खा तुकडा एका दमात पाठ. ‘डू नॉट’ची फोड आत्ता नको. ‘व्हेरी’ एकटं ‘लाइक’च्या आधी येत नाही, ‘व्हेरी मच’ वाक्याच्या टोकाला जातं: ‘आय लाइक टी व्हेरी मच’. बोलताना त्यापेक्षा सोपं ‘आय रिअली लाइक टी’. ‘आय हेट’ शिकवूच नका. नातू म्हणेल तेव्हा कळलं की झालं.

पहिला आठवडा फक्त ‘आय’ आणि ‘यू’. ‘ही लाइक्स’, ‘शी लाइक्स’मधला स सगळ्यात उशिरा बसतो, त्यामुळे तो दुसऱ्या आठवड्यात. तेव्हाही लक्षात ठेवा, ‘डझ’ आला की स तिकडे गेला: ‘डझ ही लाइक मिल्क?’, ‘ही डझन्ट लाइक मिल्क’. ‘डझ ही लाइक्स’ नाही.

चकली_कडबोळी
वरच्याला +१. एक भर. मोजता येणाऱ्या गोष्टी एकूणच आवडतात असं म्हणताना अनेकवचन लागतं: ॲपल्स, बनानाज, कार्टून्स. टी, राइस, मिल्क तसेच राहतात. मराठीत ‘मला कुत्रा आवडतो’ चालून जातं, पण ‘आय लाइक डॉग’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ते खाण्याबद्दल वाटू शकतं. ‘आय लाइक डॉग्ज’ म्हणायचं. चिकनचं उलट: खायचं ते ‘चिकन’, अंगणातल्या कोंबड्या ‘चिकन्स’.

दुसरा_डबा
तिकडे गेल्यावर सर्वांत जास्त कानावर पडेल ते ‘वुड यू लाइक अ कप ऑफ टी?’ हे आवडीबद्दल नाही, ‘चहा घेणार का?’ असं आहे. उत्तर ‘येस, प्लीज’ किंवा ‘नो, थँक यू’. ‘डू यू लाइक टी?’ हा मात्र आवडीचा प्रश्न, त्याला ‘येस, आय डू’ किंवा ‘नॉट रिअली’. मराठीत नुसतं ‘हो, आवडतो’ पुरतं, म्हणून आपण ‘येस, आय लाइक’ म्हणून थांबतो. तिथे वाक्य लटकतं. ‘आय लाइक इट’ म्हणा, ‘इट’ गाळू नका.

कुणी प्रेमाने वाढलेलं नको असेल तर तोंडावर ‘आय डोन्ट लाइक इट’ कडक लागतं. ‘इट्स अ बिट स्वीट फॉर मी’ सौम्य. स्वीटच्या जागी स्पायसी, कोल्ड, हेवी घालता येतं.

पारिजात_सातारा
खूप धन्यवाद! रकान्यांची युक्ती लगेच करते. आणखी एक शंका. दुकानात स्वेटर बघून आई ‘आय लाइक्ड धिस स्वेटर’ म्हणते. हे चूक की बरोबर?

खडूफळा
शब्द बरोबर, काळ मराठीचा. समोरची वस्तू पाहताक्षणी आपण ‘आवडला’ म्हणतो, इंग्रजीत मात्र आवड अजून चालू आहे म्हणून ‘आय लाइक धिस स्वेटर’. ‘लाइक्ड’ म्हटलं की आधी आवडला होता, आता काय कोण जाणे, असा सूर येऊ शकतो. संपलेल्या गोष्टीला ‘लाइक्ड’ चोख बसतं: पाहिलेला सिनेमा, कालचं जेवण. आईंना खूण द्या: वस्तू समोर असेल तर ‘लाइक’, प्रसंग संपला असेल तर ‘लाइक्ड’.

घडीची_पोळी
क्रियेची आवड राहिली. ‘आय लाइक कुक’ होत नाही. ‘आय लाइक कुकिंग’ किंवा ‘आय लाइक टू कुक’, दोन्ही चालतात. शिकताना एकच धरा, ‘इंग’वालं. कारण ‘एन्जॉय’ला तेवढंच चालतं: ‘आय एन्जॉय कुकिंग’.

आपल्या ‘चालतं’साठी ‘आय डोन्ट माइंड’ आहे: ‘आय डोन्ट माइंड कोल्ड मिल्क’, म्हणजे आवड नाही, पण चालतं. पण नातवाने ‘डू यू माइंड इफ आय वॉच टीव्ही?’ विचारलं आणि आजी मानेने होकार देत ‘येस’ म्हणाल्या, तर त्याचा अर्थ ‘हो, माझी हरकत आहे’ असा होतो. परवानगी द्यायची असेल तर ‘नो, गो अहेड’.