लॉफ्ट, कॉन्डो, डाउनटाउन : मराठीत काय लिहावं?

सुदामानगर, इंदूर
माझा भाचा शिकागोत असतो. तिथल्या डाउनटाउनमध्ये, प्रिंटर्स रो भागात, जुन्या छापखान्याच्या इमारतीतला एक लॉफ्ट घेऊन भाड्याने द्यायचा त्याचा विचार आहे. काही रक्कम माझ्या वडिलांनी घालावी असं त्याने सुचवलं आहे. बाबा 81 वर्षांचे आहेत, समजल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत. त्यांच्यासाठी एका पानाचं मराठी टिपण करते आहे आणि पहिल्याच ओळीत तीन शब्द अडले. कोशात लॉफ्टला पोटमाळा दिला आहे. पण आमच्याकडे लॉफ्ट म्हटलं की स्वयंपाकघरात छताखाली पिंपं-पातेली ठेवायची फळीच डोळ्यांपुढे येते. कॉन्डोला फ्लॅट म्हटलं तर चालेल का?

रामबाग
ताई, पोटमाळा लिहू नका. मूळ नॉर्स शब्दाचा अर्थ हवा, वरची जागा असा आहे. त्यामुळे गवत साठवायचा माळाही लॉफ्ट, आणि पुढे गोदामा-कारखान्यांचे वरचे मोकळे मजलेही लॉफ्ट. न्यूयॉर्कच्या सोहो भागातले कारखाने हलले तेव्हा रिकाम्या मजल्यांवर चित्रकार-शिल्पकार राहू लागले, तेही सुरुवातीला नियमाबाहेर. 1971 मध्ये कलावंतांना तिथे राहण्याची मुभा मिळाली आणि 1982 मध्ये अशा मजल्यांवरच्या भाडेकरूंसाठी वेगळा लॉफ्ट कायदा झाला. शिकागोच्या छापखान्यांची घरे होऊ लागली ती 1970च्या दशकाच्या अखेरीस.

मराठीत सर्वांत जवळचा शब्द मला 'गाळा' वाटतो. दोन खांबांमधली, मध्ये भिंत नसलेली जागा. औद्योगिक वसाहतीत आपण गाळा म्हणतोच. 'जुन्या कारखान्याच्या गाळ्यात केलेले घर' असे एकदा लिहा आणि पुढे लॉफ्टच ठेवा.

मी आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले, म्हणून एक सांगतो. छापखान्याचे छत उंच असे, खांब जाड असत, कारण यंत्रांचे वजन पेलायचे होते. खिडक्या मोठ्या, पण बहुधा एक-दोन बाजूंनाच. मजला खिडक्यांपासून खूप आतपर्यंत गेलेला असला की मागच्या भागात दिवसाही दिवा लावावा लागतो. भाचेबुवांनी नकाशा पाठवला असेल तर झोपायची जागा खिडकीपासून किती आत आहे ते बघा. भाडेकरू तेच बघणार.

जुनी पलासिया
काकांना दुजोरा. पण आता नव्या इमारतीही उंच छत आणि उघडे पाइप ठेवून स्वतःला लॉफ्ट म्हणवतात. टोरंटोत यासाठी 'हार्ड लॉफ्ट' आणि 'सॉफ्ट लॉफ्ट' असे दोन शब्द चालतात. मराठीत 'अस्सल लॉफ्ट' आणि 'लॉफ्टछाप फ्लॅट' म्हणा. दोन्हींची दुरुस्ती आणि देखभाल वेगळी, तेव्हा भेद टिपणात यायलाच हवा.

वकील, इंदूर
लॉफ्ट हा जागेचा आकार झाला. कॉन्डो म्हणजे आकार नाहीच, ती मालकीची रीत आहे. त्यामुळे एकच जागा लॉफ्टही असते आणि कॉन्डोही. आपल्या फ्लॅटपुरती स्वतंत्र मालकी, आणि जमीन, जिना, लिफ्ट, छप्पर, बाहेरच्या भिंती यांत सर्वांबरोबरचा हिस्सा. अमेरिकेत हा कायदा आधी 1958 मध्ये पोर्तो रिकोत झाला, 1960 मध्ये यूटा राज्याने केला, आणि 1961 मध्ये अशा घरांच्या कर्जाला केंद्राचा विमा मिळाल्यावर बाकीची राज्यं मागोमाग आली. महाराष्ट्रात 1970चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आहे. आपल्याकडे मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, 2000.

म्हणजे इंदूरकर ज्याला 'मल्टीतला' (बहुमजली इमारतीतला) फ्लॅट म्हणतात त्याला आपला कायदा 'प्रकोष्ठ' म्हणतो. बाबांना 'आपल्या मल्टीतल्यासारखी मालकी' एवढं सांगितलं तरी निम्मं कळेल.

उरलेल्या निम्म्यासाठी शब्द जपून निवडा. रजिस्ट्रीच्या कागदांत 'अविभक्त हिस्सा' येतो. बाबांच्या पिढीला अविभक्त म्हटलं की एकत्र कुटुंबाचा वाडा आठवणार, आणि वाड्यातला भाऊ उद्या उठून वाटणीचा दावा लावू शकतो. कॉन्डोच्या जिन्याची आणि छपराची वाटणी कोणालाच मागता येत नाही. म्हणून 'अविभाज्य हिस्सा' लिहा. 'अविभक्त' म्हणजे अजून वाटणी न झालेलं, 'अविभाज्य' म्हणजे वाटणी होऊच न शकणारं. पैसा घालणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. छपराच्या खर्चातून बाहेर पडायचा रस्ता एकच : फ्लॅट विकणे.

स्नेहलतागंज
थोडं बाजूचं. दोन सत्तांनी मिळून एकाच मुलखावर राज्य करणं यालाही इंग्रजीत कॉन्डोमिनियम म्हणतात. 1899 नंतरचा सुदान इंग्रज आणि इजिप्त यांच्यात असाच होता. त्याला आपला जुना शब्द दुअंमल. निजाम आणि मराठे यांच्या सामाईक वसुलीच्या मुलखासाठी तो वापरात होता. घराला लावायला नको, पण 'सोबतची मालकी' हा धागा तोच.

सुदामानगर, इंदूर
'अविभाज्य' फार उपयोगी पडला, वकीलसाहेब. डाउनटाउनसाठी 'शहराचा मध्यभाग' लिहू का?

जुनी पलासिया
लिहा. डाउनटाउन हा शब्द मॅनहॅटनचा, बेटाचं दक्षिण टोक म्हणजे खालची बाजू. बाबांना आपल्या राजवाडा-सराफ्याच्या जुन्या बाजारासारखं असं समजावू नका मात्र. शिकागोचं डाउनटाउन कचेऱ्यांचं आहे. तिथला भाडेकरू बहुतेक करून जवळच्या कचेरीत जाणारा, आणि कचेऱ्यांतली माणसं घरून काम करू लागली की त्याची गरज बदलते. राजवाड्याच्या आसपासची दुकानं पिढ्यान् पिढ्या तिथेच असतात.

सुदामानगर, इंदूर
आणखी एक. कागदात 'असेसमेंट' दोनदा आला आहे. एका ठिकाणी दरमहा, दुसरीकडे 'स्पेशल'. आपल्याकडे असेसमेंट म्हणजे कर ठरवणं, तसं तर ते दिसत नाही.

वकील, इंदूर
शिकागोत दरमहाच्या देखभाल खर्चालाच असेसमेंट म्हणतात. त्याला 'मासिक वर्गणी' लिहा. स्पेशल असेसमेंट म्हणजे एखादं मोठं काम निघालं की सभासदांवर हिश्शाप्रमाणे बसणारी जादा रक्कम. त्याला मी 'जादा पट्टी' म्हणेन. पट्टी 'बसते', ती कोणी आनंदाने देत नाही, आणि चुकवताही येत नाही. वर्गणीत ते सारं येत नाही.

ही पट्टी किरकोळ समजू नका. फ्लोरिडात सर्फसाइड इथली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही कॉन्डो इमारत 24 जून 2021 रोजी कोसळली, 98 माणसं गेली. दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलरांची जादा पट्टी सभासदांवर बसली होती, पण काम फार लांबलं होतं. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने जुन्या उंच इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीचा राखीव निधी सक्तीचा केला. शंभर वर्षांच्या छापखान्याच्या विटा आणि छप्पर कोणाच्या खर्चाने दुरुस्त होणार, हे बाबांनी भाड्याच्या आधी विचारावं.

रामबाग
राखीव निधीला 'गंगाजळी' म्हणा! परकीय चलनाची गंगाजळी रोज छापून येते, बाबांना लगेच कळेल. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंडाला, म्हणजे अशाच गंगाजळीला, बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.25 टक्के वर्गणी सांगितली आहे. आपल्या इंदूरच्या कितीतरी मल्ट्यांत लिफ्ट बंद पडल्यावरच पैसे गोळा करायला निघतात, याचे मला फार वाईट वाटते.

वकील, इंदूर
शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयच्या कॉन्डो कायद्याच्या कलम 22.1 प्रमाणे, फ्लॅट पुन्हा विकला जात असेल तर विकणाऱ्याने फ्लॅटमालकांच्या असोसिएशनकडून ही माहिती घेऊन ग्राहकाला द्यायची असते : गंगाजळी किती, पुढच्या दोन वर्षांत कोणती मोठी कामं अपेक्षित आहेत, दावे चालू आहेत का, विमा काय आहे. भाच्याला तीच मागायला सांगा. शिवाय 'डिक्लरेशन' म्हणजे घोषणापत्र. फ्लॅट भाड्याने देता येतो की नाही, इमारतीतल्या किती मालकांना एका वेळी तो देता येतो, ते त्यात असतं. भाड्यासाठीच घेत असाल तर आधी ते पान वाचा.

बाबांचे पैसे इथून जाणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, परदेशातलं घर त्यात बसतं. आणि दस्तावर बाबांचं नाव येणार की ते नुसती उसनवारी करणार, हे टिपणात स्पष्ट शब्दांत लिहा. 'घालावी' एवढ्यावर सोडू नका.

सुदामानगर, इंदूर
ते खरंच लिहिलं नव्हतं. आता दोन ओळी त्यावरच टाकते. भाच्याला आजच रात्री घोषणापत्र आणि गंगाजळीचा आकडा मागते. विम्याच्या कागदात 'डिडक्टिबल' (नुकसानीतली आपण सोसायची रक्कम) आहे, 'वजावट' लिहिलं तर बाबांना आयकरातली वाटेल. त्याला कोणी काय म्हणतं?