इयन ग्रीक झाला, पण पोर्टोकालोस किती हलले?

नौपाड्याची सून

'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' हा २००२ चा सिनेमा परवा घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहिला. "अगदी आपल्यासारखंच आहे गं यांचं," असं सासूबाई म्हणाल्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच आहे ते, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिकागोतलं पोर्टोकालोस हे ग्रीक कुटुंब, वडील गस यांचं रेस्टॉरंट. मुलगी टूला तिशीची झाली तरी येणाऱ्या गिऱ्हाइकांना टेबल दाखवण्यात अडकलेली. ती हिंमत करून कॉम्प्युटर शिकते, नातलगांच्याच ट्रॅव्हल एजन्सीत कामाला लागते आणि इयन मिलर या शिक्षकाच्या प्रेमात पडते. इयन ग्रीक नाही आणि वर शाकाहारी. घरात वादळ होतं आणि शेवटी लग्नही होतं.

आता हिशेब मांडा. इयनचा बाप्तिस्मा होतो. चर्चमध्ये लहान मुलांचा हवा भरलेला टब ठेवतात, अंगाला तेल चोळून त्याला पाण्यात बुडवतात. लग्न ग्रीक चर्चमध्ये. राहायला घर सासऱ्यांनी दिलेलं, तेही त्यांच्या घराला लागून. पुढे मुलगी झाली तर तिची रवानगी ग्रीक शाळेत. दुसऱ्या बाजूने काय आलं? इयनच्या आईने नेलेला एक बंट केक. त्याला मधे भोक का, हे टूलाच्या आईला कळेना, म्हणून तिने त्यात फुलांची कुंडी बसवून तो पुन्हा टेबलावर आणला.

हेच उलटं करून बघा. टूलाने धर्म बदलला, सासरच्या भिंतीला भिंत लावून राहिली, पोरांच्या शाळेत तिला कोणी विचारलं नाही. आपण पोट धरून हसलो असतो का? हसायला येतं ते हे सगळं पुरुष करतोय म्हणून. बाईने केलं तर ती रीतच असते, तिच्यावर कोणी सिनेमा काढत नाही.

जेवणाचंही तेच. इयन मांस खात नाही म्हटल्यावर सगळी मंडळी अवाक होतात, आणि टूलाची व्हूला आँटी त्यावर तोडगा काढते तो कोकराच्या मटणाचा. टाळ्या मिळवणारा प्रसंग आहे. मी शाकाहारी घरातून ठाण्यातल्या सीकेपी घरात आले. वालाचं बिरडं, निनाव, कानवले आवडीने शिकले, अजूनही करते. सोड्यांची (सुक्या कोळंबीची) खिचडी मी खात नाही. ती करायला माझी काही हरकत नाही, पण "एकदा खाऊन तर बघ, काही होत नाही" हे वाक्य दर वेळी पातेल्याबरोबर येतं. ते प्रेमाने म्हणतात यात शंका नाही. पण प्रेमाने म्हटलं म्हणून माझं 'नाही' हे 'नाही' राहत नाही का? या सिनेमात 'नाही' म्हणायला जागाच नाही, आणि आपण त्यालाच गोड कुटुंब म्हणतो.

चेंदणीकर

ताई, हिशेब बरोबर मांडलात, पण तुम्ही दोन्ही पारड्यांत सारखी माणसं धरलीत. ती सारखी नाहीत.

मिलर हे अमेरिकेतले बहुसंख्य. त्यांची भाषा हीच शाळेची भाषा, त्यांचं जेवण हेच सगळ्यांना 'साधं जेवण' वाटतं. त्यांना काही टिकवावं लागत नाही, ते आपोआप टिकतं. पोर्टोकालोस बाहेरून आलेले. ते एक पाऊल मागे सरकले तर पुढच्या पिढीत ग्रीक म्हणून उरेल फक्त आडनाव. गसचा अट्टाहास मला छळ वाटत नाही, ती घाबरलेल्या माणसाची धडपड वाटते.

सिनेमाच्या सुरुवातीचा प्रसंग आठवा. छोटी टूला शाळेत मुसाका हा ग्रीक पदार्थ घेऊन जाते आणि बाकीच्या मुली तिच्या डब्याला हसतात. मी चेंदणी कोळीवाड्यातला. शाळेत डब्यात जवळा नेला की बाकाच्या दुसऱ्या टोकाचा मुलगा नाक धरून उठायचा. मग मी आईला सांगितलं, डब्यात बटाट्याची भाजी दे. आई काही बोलली नाही, भाजी द्यायला लागली. घरात जवळा होताच, पण तो दार लावून खायचा पदार्थ झाला. आज घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये माझ्या बहिणीच्या घरी बोंबील भाजले तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो. स्टेशनच्या आसपासचं हे ठाणं वसलं त्याच्या आधीपासून आम्ही इथे खाडीवर, आणि वास आमचाच येतो.

तर माझ्यासारख्याने तो सिनेमा पाहिला तेव्हा काय दिसलं? घरासमोरच्या हिरवळीवर अख्खं कोकरू सळईवर फिरतंय, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतंय, आणि त्या घरातल्या एकालाही त्याची लाज वाटत नाही. त्या दृश्यावर मी हसलो नाही. मला भरून आलं. तुमचं 'नाही' मोलाचं आहे, मान्य. पण ज्या घराला आयुष्यभर बाहेरच्यांचं 'नाही'च ऐकावं लागलं, त्यांच्या आग्रहाचीही एक बाजू आहे.

ऐरोली सेक्टर पाच

दीड तासाचा हलकाफुलका सिनेमा आहे हो. त्यात धर्म, सत्ता, बहुसंख्य सगळं कोंबायचं कशाला? साधारण ५० लाख डॉलरमध्ये बनला आणि नुसत्या तोंडी प्रचारावर महिनोन् महिने चालला. अमेरिकेत एकाही आठवड्यात पहिला नंबर मिळाला नाही, तरी कमाई २४ कोटी डॉलरच्या पुढे गेली. एवढ्या लोकांनी पाहिला तो आपलं घर त्यात दिसलं म्हणून. आग्रह, गोंधळ, भांडण, जेवण. पुरे की.

नौपाड्याची सून

@ऐरोली: घर दिसलं म्हणूनच बोलतेय. परक्याचं घर असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं.

@चेंदणीकर: तुमच्या डब्याचं वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. सोसायटीतल्या त्या मेसेजच्या विरोधात मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण टॉवरमधला शेजारी आणि घरात आलेली सून किंवा जावई ही एकच गोष्ट नाही. बाहेर ज्यांना दाबलं जातं त्यांना घरात दुसऱ्याला दाबायची सूट मिळते का? इयन बहुसंख्यांमधला असेल, पण पोर्टोकालोसांच्या जेवणाच्या टेबलावर तो एकटाच आहे.

घणसोली गाव

घर लागून दिलं यात वाईट काय तेच मला समजत नाही.

आमच्याकडे आगरी घरांत आजही बाप मजला चढवतो तो पोरांसाठी, आणि जमलं तर पोरीसाठीही. १९७० नंतर सिडको आली, जमिनी गेल्या, त्यातली साडेबारा टक्के परत मिळावी म्हणून वर्षानुवर्षं खेटे घातले. जे हाती राहिलं त्यात पोरांना जवळ ठेवणं हीच बापाची कमाई. माझी बायको सकाळी सातची लोकल पकडते. पोराला शाळेतून आणतो माझा बाप, भाकरी भाजून घालते माझी आई, ताप आला तर रात्री वरच्या मजल्यावरून काकी उतरते. खारघरला एकटं राहणारा माझा मित्र पाळणाघराला महिन्याला किती मोजतो ते त्याला विचारा, आणि पाळणाघर बंद असलं की सुट्टी कोण टाकतं तेही विचारा.

हळदीला आमच्याकडे अख्खं गाव जेवतं. नवऱ्याकडची माणसं पहिल्यांदा बघतात तेव्हा दबकतात, तशीच मिलर मंडळी दबकली. दबकणं म्हणजे अन्याय नव्हे. नवीन घर आहे, सवय व्हायला वेळ लागतो. इयनला ते आवडत होतं, त्याच्या तोंडावर दिसतं. त्याच्या स्वतःच्या घरी जेवायला तीन माणसं आणि बोलणं जेमतेम. त्याला भरलेलं घर हवं होतं, ते त्याला मिळालं.

पाचपाखाडीहून

सगळे इयनवर बोलताय, टूलाच्या आईवर कोणीच नाही.

मारिया आणि व्हूला मिळून गसला असं फिरवतात की टूलाने एजन्सीत काम करावं ही कल्पना त्याची स्वतःचीच होती असं त्याला वाटतं. आई टूलाला हेच सांगते: पुरुष घराचं डोकं असेल, पण ते वळवणारी मान बाई असते. सगळे या वाक्यावर फिदा आहेत. मला ते ऐकून गुदमरायला होतं. जिला आपलं मत सरळ सांगता येत नाही, तिने ते नवऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि वर त्यालाच श्रेय द्यायचं. या घरात 'नाही' म्हणायला जागा नसेल तर ती इयनच्याही आधी मारियाला नाही.

आणि स्वयंपाक कोण करतंय ते पाहा. रेस्टॉरंट गसचं, पण घरात आग्रहाचे डोंगर रचणाऱ्या बायकाच. ज्याला कौटुंबिक प्रेम म्हणतोय ते कोणाच्या तरी दिवसभर ओट्याशी उभं राहण्यावर चालतं. म्हणून मला आपला 'गुलाबजाम' (२०१८) जास्त जवळचा. त्यात लंडनची नोकरी सोडून आलेला तरुण पुण्यात एका बाईकडे स्वयंपाक शिकतो, हाताने शिकतो, चुकतो, बोलणी खातो. जेवणावर प्रेम असेल तर ते करायचे कष्टही अंगावर घ्यावे लागतात, हे तो सिनेमा प्रामाणिकपणे दाखवतो. इयन शेवटपर्यंत खाणाराच राहतो.

चेंदणीकर

मारियाबद्दल पूर्ण सहमत. माझ्या आजीने असंच घर चालवलं, मासे विकून आणलेला पैसा तिचा आणि निर्णय आजोबांचे म्हणून सांगायचे.

पण सगळे एक गोष्ट गाळताय. टूला स्वतः म्हणते, पळून जाऊन लग्न करू. नको म्हणणारा इयन आहे. बाप्तिस्म्याची तयारीही तोच दाखवतो. कोणी ओढून नेलं नाही त्याला. हे नुसतं लेखिकेच्या डोक्यातलं नाही, निया वार्डालोसने स्वतःच्या लग्नावरून आधी एकपात्री प्रयोग लिहिला, तो पाहून रीटा विल्सन आणि टॉम हँक्सने सिनेमाची निर्मिती केली. तिच्या नवऱ्यानेही लग्नाआधी तिचा धर्म स्वीकारला होता. जगलेली गोष्ट आहे.

आणि शेवट नीट पाहा. लेकीला ग्रीक शाळेत पाठवताना टूला तिला वचन देते, तू लग्न कोणाशीही कर. टूलाला हे वचन कोणी दिलं नव्हतं. तिचा भाऊ निकही चित्रकला शिकायला बाहेर पडतो. गस लग्नाच्या भाषणात सगळ्यांदेखत मिलर कुटुंबाला आपल्यात घेतो. पोर्टोकालोस हलले नाहीत असं कसं म्हणता?

नौपाड्याची सून

वचनाचं मान्य, तो या सिनेमातला मला सर्वांत आवडलेला क्षण आहे. पण ते वचन टूलाने दिलं, गसने नाही. बदल झाला तो तिच्यामुळे.

इयनच्या राजीखुशीबद्दल एवढंच म्हणेन. माणूस आपणहून पुढे झाला म्हणजे समोरच्याने काहीच मागितलं नाही असं होत नाही. त्याने बाप्तिस्मा घेतला नसता तर गस त्या चर्चमध्ये आला असता का? उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, इयनलाही माहीत होतं. मीही बरंच काही हसत केलं, कोणी जबरदस्ती केली नाही. न करण्याची वाट उघडी होती असं मात्र मी म्हणणार नाही.

@पाचपाखाडी: मारियाचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या मूळ लेखात असायला हवं होतं इतकं नेमकं आहे.

@घणसोली: तुमच्या घरातली सोय मला समजते, हेवाही वाटतो. माझा राग घर देण्यावर नाही. गसने ज्या समारंभात ते सुंदर भाषण केलं, त्याच समारंभात त्याने घराचे कागद दोघांच्या हातात ठेवले. कुठे राहायला आवडेल, एवढं विचारलं असतं तर इयन आनंदाने हो म्हणाला असता. मग विचारायला काय हरकत होती?

घणसोली गाव

बापाने आयुष्यभर राबून पोरीला घर द्यायचं आणि आधी जावयाची परवानगी काढायची, हे मला पटणार नाही. घर नको असेल तर जावयाने सांगावं. तोंड त्यालाही दिलंय.

पाचपाखाडीहून

दादा, आणि पोरीला नको असेल तर? टूलाला कोणी विचारलं?