टेललाइटच्या काचेआड साचणारे पाणी: आपापले अनुभव लिहावेत

जून लागला की पुण्यात सोसायटीच्या प्रत्येक पार्किंगमध्ये मागच्या दिव्यात पाणी धरलेली एखादी तरी गाडी दिसते आणि तिच्या मालकाला सल्ले देणारे चौघे जणही भेटतात, म्हणून हा धागा. थंड हवेत काचेच्या कोपऱ्यावर आतून पातळ वाफ धरणे आणि दिवा काही वेळ पेटला की ती विरणे, याला बिघाड म्हणता येत नाही, कारण तापलेल्या हवेला बाहेर पडता यावे म्हणून दिव्याच्या मागे श्वासछिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. मात्र थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी हलताना दिसत असेल, तर ते कोठून शिरले हे आपण कसे शोधले, ते सविस्तर लिहावे. हेअर ड्रायरने वाळवल्याची वर्णने नसली तरी चालेल; वाळवलेला दिवा पुढच्या सरीला पुन्हा भरतो.

कोथरूडहून: डिकीच्या आतील दोन नट काढून मी दिवा सोडवला, बल्बचे होल्डर काढून पाणी ओतून टाकले आणि होल्डर परत बसवून श्वासछिद्रांवर बोट धरत संपूर्ण दिवा बादलीतील कोमट पाण्यात बुडवला. काच आणि मागचा प्लास्टिकचा भाग जिथे जोडलेला असतो, तिथून बारीक बुडबुडे निघू लागले आणि डोळ्यांना एरवी न दिसणारी चीर सापडली; बहुधा पार्किंगमध्ये कधीतरी लागलेल्या धक्क्याची ती देणगी असावी. दिवा पूर्ण कोरडा करून तेवढ्याच भागावर सिलिकॉन भरले. मात्र सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारे घेऊ नये, कारण सुकताना त्यातून सुटणारे आम्ल आतील चकाकी आणि धातूचे संपर्क खराब करू शकते. आम्ल न सोडणारा प्रकार दुकानात मागितल्यास मिळतो.

हडपसरहून: आमच्याकडे गॅरेजवाल्याने ‘सगळीकडून पॅक करून देतो’ म्हणत श्वासछिद्रेही बुजवली. त्यानंतर वाफ कमी न होता वाढली, कारण आत राहिलेल्या दमटपणाला वाटच उरली नाही. छिद्रे मोकळी केल्यावर आणि होल्डरची कडक झालेली रबर रिंग बदलल्यावर दिवा स्वच्छ झाला. आता कोणी छिद्राजवळ सिलिकॉनची नळी नेली की मी आधी त्याचा हात धरतो.

औंधहून: हेडलाइट भट्टीत तापवून उघडतात, तसाच टेललाइट उघडावा असे आम्हाला सुचवण्यात आले होते. परंतु बऱ्याच हेडलाइटची काच तापवल्यावर मऊ होणाऱ्या डिंकासारख्या सीलंटने चिकटवलेली असते, तर टेललाइटची काच बहुतेक वेळा मागच्या प्लास्टिकला वितळवूनच जोडलेली असते. ती उष्णतेने सुटत नाही, वाकते. तसेच चीर साफ करण्यासाठी थिनर वापरू नये, कारण ही काच बहुधा ॲक्रिलिकची असते आणि थिनरने तिच्यावर बारीक तड्यांचे जाळे उमटते.

धनकवडीहून: आमच्या दिव्यात पाणी नव्हतेच, ते डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात साचत होते. मुलाला टॉर्च देऊन डिकीत बसवले आणि बाहेरून नळीने खालून वर अशी हळूहळू धार सोडली, तेव्हा दिव्याच्या मागचे, दिवा आणि गाडीचा पत्रा यांच्यामधून पाणी अडवणारे गॅसकेट चपटे झालेले सापडले. मुलाला हे काम फार आवडले, हे वेगळे सांगायला नको. गॅसकेट बदलण्याचा खर्च किरकोळ होता.

बाणेरहून: दिसण्यापुरता प्रश्न आहे असे समजणाऱ्यांसाठी एक लक्षण नोंदवतो. ब्रेक दाबला की त्या बाजूचा इंडिकेटरही मंद पेटू लागला, तेव्हा होल्डर काढून पाहिले तर अर्थिंगच्या पट्टीवर हिरवट थर चढला होता. पाण्यामुळे अर्थिंग कमजोर झाले की वीज शेजारच्या बल्बमधून वाट काढते. पट्टी बारीक पॉलिशपेपरने घासल्यावर दोष गेला.

नाना पेठेहून: जुना दिवा विकत घ्यायचा असेल तर काचेपेक्षा मागची बाजू आधी पाहावी. ज्यांवर नट बसतात ते खिळे वाकलेले असल्यास दिवा गाडीला सपाट टेकत नाही आणि नवे गॅसकेट घालूनही पाणी शिरते. चीर जोडापुरती असेल तोवर दुरुस्ती करावी, परंतु काचेलाच तडा असल्यास नवा दिवा घेणे स्वस्त पडते, असे आमच्या दुकानात आम्ही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.