मदत हवी आहे: पावणेतीन वर्षांच्या उंच मुलासाठी बाबागाडी (उंची १०१ सेमी)

नमस्कार मंडळी,

मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. उंची १०१ सेमी, वजन १६ किलो. आम्ही दोघंही उंच, त्यामुळे डॉक्टरांना यात काही वावगं वाटत नाही. त्यांच्याकडच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलग्यांची मध्यम उंची ९६ सेमी आहे, आमचा त्याआधीच त्याच्या पुढे गेलाय. अडचण आहे ती बाबागाडीची. सध्याची गाडी भाच्याची, छत्रीसारखी मिटणारी. भाच्याला ती तीन वर्षं पुरली, याला आता कुठूनच पुरत नाही.

नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल. ताठ बसला की डोकं छताच्या शिवणीला टेकतं आणि छत मागे सरकतं, मग उन्हात त्याचा काही उपयोग नाही. गाडीची पाठ कानांच्या खालीच संपते. झोप लागली की मान दांड्याच्या बाहेर कलते. खांद्याचे पट्टे सगळ्यात वरच्या खाचेतून घेतले तरी खांद्याच्या खालून येतात आणि त्याला खाली ओढतात, म्हणून तो हात काढून टाकतो. पावलं पायपट्टीवर राहतच नाहीत. उजव्या बुटाचं टोक रस्त्याला घासून पांढरं पडलंय. मागच्या आठवड्यात तोच पाय पुढच्या चाकाकडे गेला, आजोबांनी गाडी जागच्या जागी थांबवली म्हणून निभावलं. तेव्हापासून ती गाडी बंद आहे.

आम्ही कोथरूडला राहतो, जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. संध्याकाळी त्याला आजी-आजोबा बाहेर नेतात. कधी जवळच्या बागेत, कधी वनाजहून मेट्रोने संभाजी उद्यानात. मेट्रो स्टेशनात लिफ्ट आहे, तिथे काही अडत नाही. अडतं ते स्टेशनापर्यंत: उखडलेले पेव्हर ब्लॉक, गटारांच्या जाळ्या, मध्येच संपणारा फुटपाथ, त्यावर लावलेल्या स्कूटर. आजोबा पाच फूट अकरा इंच. जुन्या गाडीचं हँडल त्यांना इतकं खाली येतं की वाकून ढकलावं लागतं आणि रात्री कंबर धरते. आजींना जिन्यावरून सात-आठ किलोच्या वर उचलायला सांगणं बरोबर नाही.

एक विनंती आहे, रागावू नका: "आता चालवा की त्याला" हा सल्ला नको. तो चालतो. जाताना पूर्ण वाट चालत जातो, बागेत तासभर पळतो. परतताना सातच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात, आणि १६ किलोचं झोपलेलं मूल आजोबांनी खांद्यावर घेऊन यावं असं मला वाटत नाही. उंचीमुळे तो चार-साडेचार वर्षांचा दिसतो. रस्त्यात लोक थांबून म्हणतात, "एवढा घोडा झाला तरी गाडीत?" त्याला आता ते समजतं. परवा त्याने मला विचारलं, "मी घोडा आहे?" उंची कितीही असली तरी तो पावणेतीन वर्षांचाच आहे, आणि थकणं हा त्याचा हक्क आहे.

मी थोडा अभ्यास केला आहे. युरोपातल्या बाबागाड्यांसाठी ईएन १८८८ हे मानक आहे. त्याचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरा १५ ते २२ किलोसाठी. म्हणजे आम्हाला २२ किलोवालीच हवी. पण या आकड्यातून उंचीचं काहीच कळत नाही. दुकानात विचारलं की "पाच वर्षांपर्यंत आरामात चालते" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून मी त्याला भिंतीला टेकून जमिनीवर बसवलं, डोक्यावर पुस्तक आडवं धरून खूण केली: बसलेली उंची ५७ सेमी. खांदा ३६ सेमीवर. गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंत २४. मग टेप घेऊन लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत गेले. बहुतेक गाड्यांत बैठकीपासून छतापर्यंत ४८-५० सेमीच भरलं. त्यातल्या कित्येकींवर २२ किलो छापलेलं होतं.

आता दोन प्रकारांत अडकले आहे. एक, तीन घड्यांची सहा-सात किलोची, लहान चाकांची. दुसरी, मोठ्या चाकांची तीनचाकी, दहा किलोच्या आसपास. पहिली जिन्याला बरी, दुसरी रस्त्याला. जानेवारीत विमानाने नागपूरलाही जायचंय. ज्यांची मुलं उंच आहेत त्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय बघून घेतली?

प्रतिसाद, ठाण्याहून:

माझी मुलगी तुमच्या मुलाइतकीच उंच होती, त्यामुळे सगळं ओळखीचं वाटलं. छताचं माप घेताना एक गोष्ट बघा. काही गाड्यांत छत पाठीच्या कापडाला शिवलेलं असतं, काहींत दांड्यावर वर-खाली सरकतं. सरकणारं घ्या. आणि माप रिकाम्या गाडीवर घेऊन थांबू नका. कापडी झोळीसारखी बैठक असेल तर मूल बसल्यावर तीन-चार सेमी खाली जातं, छताला जागा मिळते, पण गुडघे वर येतात आणि पोट दुमडतं. बैठकीखाली घट्ट तळ असेल तर मुलं जास्त वेळ नीट बसतात. शक्य असेल तर मुलाला बुटांसकट दुकानात बसवून बघा, आणि तेही पाठ पूर्ण ताठ करून. दुकानदार पाठ थोडी कलती ठेवून दाखवतात, त्यात डोकं आपोआप खाली येतं.

चाकांबद्दल: लहान जोडचाकं पेव्हरच्या फटीत आणि जाळीत अडकतात, हे खरं आहे. खराब पट्ट्यात पुढची चाकं लॉक करा, पायरी आली की गाडी फिरवून मागच्या चाकांवर ओढत चढवा. हवेची चाकं मऊ चालतात, पण आपल्याकडे पंक्चर काढत बसावं लागतं. आतून फोम भरलेली मिळाली तर उत्तम.

हँडलला भाजीची पिशवी अजिबात लावू नका. हलक्या गाडीतून मूल उतरलं की गाडी मागे उलटते. १६ किलोचं मूल एकदम उडी मारून उतरतं तेव्हा तर नक्कीच.

प्रतिसाद, नेदरलँड्समधून:

इथली माणसं जगात सगळ्यात उंच, त्यामुळे तीन-चार वर्षांची उंच मुलं गाडीत बसलेली रोज दिसतात आणि कोणी वळून बघत नाही. तुमच्या मुलाला सांगा, तो इथे असता तर चारचौघांसारखाच दिसला असता.

मी मोठ्या चाकांची तीनचाकी वापरते. रस्त्यावर तिला तोड नाही. पण आमच्याकडचे जिनेही अरुंद आणि उभे, म्हणून ती तळमजल्यावर सायकलींबरोबर साखळीने बांधून ठेवते. तुमच्या इमारतीत जिन्याखाली जागा असेल आणि सोसायटीची हरकत नसेल तर वजनाचा प्रश्नच सुटतो. नसेल तर दहा किलोची गाडी आजींसाठी नको.

विमानाचं: "केबिनमध्ये नेता येते" या जाहिरातीवर जाऊ नका. बेबीझेन योयोचं उदाहरण घ्या. मिटल्यावर ५२ × ४४ × १८ सेमी. इंडिगोची हातातल्या बॅगेची मर्यादा ५५ × ३५ × २५. रुंदीतच बसत नाही. कुठलीही गाडी घेतलीत तरी ती सामानात द्यावी लागेल असंच धरून चाला, आणि चेक-इनला विमानाच्या दारापर्यंत नेता येईल का ते विचारा. वर घालायला जाड पिशवी ठेवा.

अजून एक. मिटण्याची बिजागरी नीट तपासा. २००९ साली अमेरिकेत एका नावाजलेल्या कंपनीच्या जवळपास दहा लाख छत्री-गाड्यांबाबत इशारा निघाला होता. उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती, आणि कंपनीला बिजागरीवर बसवायची आवरणं द्यावी लागली. उंच मुलाचे हात बिजागरीपर्यंत सहज पोचतात. गाडी उघडताना-मिटताना मुलाचा हात आजींच्या हातात असू द्या.

प्रतिसाद, नाशिकहून:

दांडा लावलेली ट्रायसिकल का नाही? स्वस्त असते, मूल मोठं झालं की स्वतः चालवतं, आणि लोकही काही बोलत नाहीत.

प्रतिसाद, पुण्यातूनच (मी फिजिओथेरपिस्ट आहे):

ट्रायसिकल जागं असलेल्या मुलासाठी छान. पण इथे प्रश्न झोपलेल्या मुलाचा आहे. बहुतेक ट्रायसिकलींना मान टेकायला पाठ नसते, आणि उताराला धरणारा ब्रेकही नसतो.

आजोबांच्या कंबरेबद्दल लिहिते, कारण तिकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. हँडल कोपराच्या थोडं खाली यायला हवं, मनगट सरळ राहायला हवं. पाच फूट अकरा इंच माणसाला जमिनीपासून १०५ सेमीच्या आसपास बरं पडतं. दोन वेगळ्या मुठींपेक्षा सलग आडवं हँडल घ्या, एका हाताने वळवता येतं आणि दुसरा हात रस्ता ओलांडताना मोकळा राहतो. हँडल वर-खाली होणारं असेल तर आजीही तीच गाडी वापरू शकतील.

पायपट्टी दुय्यम समजू नका. पाय लोंबकळले की मूल हळूहळू पुढे घसरतं, पाठ गोल होते आणि पट्टा पोटावर येतो. २४ सेमी खाली पायपट्टी हवी, नाहीतर खालच्या दांड्यावर तरी पाऊल टेकायला हवं. खांद्याच्या पट्ट्याची वरची खाच ३६ सेमीच्या वरच हवी. आणि या वयात वर्षाला सात-आठ सेमी उंची वाढते, त्यातली तीनेक सेमी बसलेल्या उंचीत. तेवढी जागा आजच सोडा.

जिना चढताना आधी मुलाला हात धरून वर न्या, गाडी नंतर. दोन्ही एकदम कोणीच नेऊ नये.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. नेदरलँड्सचं मी त्याला लगेच सांगितलं. आता रोज विचारतो, "तिथली सगळी मुलं घोडे आहेत?"

जिन्याखाली पाण्याच्या मोटरची पेटी आहे, त्यामुळे गाडी खाली ठेवणं शक्य नाही. मोठी तीनचाकी बाद. तुमच्या सल्ल्याने मापं कागदावर लिहिली: छतापर्यंत किमान ६१, वरची खाच ३८ च्या वर, हँडल १०३ ते १०६, वजन आठ किलोच्या आत, सलग हँडल, झाकलेली बिजागरी. हा कागद आणि मुलगा दोघांनाही घेऊन काल पुन्हा दुकानं फिरलो, आजोबांसकट. एक गाडी जवळजवळ सगळ्यात बसली. छत सरकतं, वर केलं की ६२ सेमी मिळतात. पट्टा ३९ वर. वजन ७.६ किलो, आजींनी स्वतः उचलून दुकानाच्या तीन पायऱ्या चढून बघितल्या. हँडल १०४, आजोबा दुकानातून ती ढकलत थेट फुटपाथवर गेले आणि ताठ उभे राहून परत आले. मुलगा आत बसला, हात वर केले आणि म्हणाला, "टोपी लागत नाही." तो छताला टोपी म्हणतो.

फक्त चाकं १५ सेमीची आहेत, आतून फोम भरलेली, पुढे जोडचाकं. दुकानदाराने शनिवारपर्यंत ठेवून घेतली आहे. १५ सेमीची जोडचाकं कोथरूड-कर्वेनगरच्या फुटपाथवर १५-१६ किलोचं मूल बसवून कोणी रोज वापरली आहेत का? गटाराच्या जाळीवर पुढची चाकं लॉक करून सरळ जातात की तिरकी घालावी लागतात? आणि फोमची चाकं झिजल्यावर सुटी मिळतात का, हेही माहीत असल्यास शनिवारच्या आधी सांगा.