शेवंड हाताने धरणे: क्रेफिश, मिशी, दम आणि बाकीचे शब्द

कोपरीकर:
न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर दम धरून बुडी मारतात आणि खडकाच्या कपारीतली क्रेफिश हाताने धरतात. त्याच्या सूचना ठाण्यात तरणतलावावर सराव करणाऱ्या मंडळींसाठी मराठीत करायच्या आहेत. 'शृंगिका', 'समदाब साधणे' असे शब्द सापडले, पण पाण्यात उतरणारा माणूस असं बोलत नाही. बोलण्यातले शब्द सुचवा. आधी क्रेफिशलाच काय म्हणू?

दिवाळेकर:
शेवंडच लिहा. न्यूझीलंडमध्ये क्रेफिश म्हणतात ती जेसस एडवर्ड्सी, माओरीत 'कोउरा'. मुंबईच्या बाजारात येणारी शेवंड बहुतेक पॅन्युलिरस पॉलिफॅगस असते. दोघी एकाच कुळातल्या. जाड काटेरी मिशा आहेत, नांग्या नाहीत. फरक सांगायचा तर आपली शेवंड मिशांच्या मुळाशी घासून करकर आवाज काढते, जेससला तो आवाज काढता येत नाही.

अमेरिकेत क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला नांगीवाला प्राणी. तो भारतात मुळात नाहीच, म्हणून त्याला आपल्याकडे जुना शब्दही नाही. 'लॉबस्टर' लिहिलंत तर लोकांना मेनूकार्डावरचा मोठ्या नांग्यांचा अटलांटिकचा प्राणी आठवेल आणि ते नांगीपासून हात वाचवत बसतील. इथे हात वाचवायचा तो काट्यांपासून. जाड हातमोजे घालायला सांगा.

कोपरीकर:
पटलं. आता अँटेनाला मिशी म्हणू ना? मूळ सूचनेत 'शिंगं धरा' असं आहे.

खाडीकाठ, ऐरोली:
मिशी हा शब्द बरोबर आहे, पण 'मिशी धरा' असं कधीही लिहू नका. मिशीचं टोक किंवा मधला भाग धरला की ती तुटून हातात राहते आणि शेवंड आत जाते. मूळ सूचनेतली 'शिंगं' म्हणजे मिशांची डोक्याला लागून असलेली जाड, काटेरी बुडं. 'दोन्ही मिशा मुळाशी धरा' असं लिहा. 'मुळाशी' हा शब्द गळला तर सगळी सूचना चुकते.

दुसरं असं की, ठाण्याच्या खाडीत बुडी मारून काही धरत नाहीत, गाळामुळे पाण्यात वीतभर पुढचं दिसत नाही. पण ओहोटीला बिळात हात घालून चिंबोरी काढणं लोकांना माहीत आहे. चिंबोरीच्या नांग्या पुढे, म्हणून तिला मागून, वल्ह्यासारख्या शेवटच्या पायांच्या मुळाशी धरतात. शेवंडीचं उलट. ती कपारीच्या तोंडाकडे डोकं करून बसते, मिशा बाहेर, शेपूट आत, आणि पळते ती शेपूट पोटाखाली फटकन मारून मागे. त्यामुळे तिला पुढूनच धरावं लागतं. हे वाक्य सूचनेत घाला, नाहीतर इकडचा माणूस सवयीने मागे हात नेईल.

क्रियापदंही तीन वेगळी ठेवा. आधी हात सरकवायचा, खडकालगत, हळू, आपली सावली तिच्यावर पडू न देता. वीतभर अंतर राहिलं की दाबायचं. तळहात मिशांच्या मुळांवर पडला पाहिजे आणि शेवंड खडकाला टेकली पाहिजे. झडप एकदाच घालायची, अर्धवट हात मारला की ती खोल जाते आणि पुन्हा बाहेर येत नाही. मग बोटं पाठीच्या कवचावर घेऊन हलवत काढायचं. ती पायांनी खडक घट्ट धरते. सरळ ओढलं तर पाय तुटतात, आणि मापापेक्षा लहान निघाली तर ती पाय तुटलेलीच सोडावी लागते. थोडं डावीउजवीकडे हलवलं की पकड सुटते.

कोपराच्या पुढे हात आत घालायचा नाही. हातमोजा अडकतो, आणि अशाच कपारीत काँगर ईलही राहतो. त्याला 'वाम' म्हणता येईल.

नेरूळची ताई:
दमाच्या शब्दांकडे जास्त लक्ष द्या, तिथे जिवाशी गाठ आहे.

'बुडीआधी दीर्घ श्वास घेत राहा' असं लिहू नका. लोक भराभर छाती भरून घेतील. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. श्वास घ्यावासा वाटणं हे त्या वायूच्या वाढण्यावर अवलंबून असतं, म्हणून धोक्याची सूचनाच उशिरा मिळते. 'शांत, नेहमीसारखा श्वास घ्या, मग एकदाच पूर्ण भरून घ्या' असं लिहा.

ब्लॅकआउटला 'भोवळ' म्हणू नका. भोवळ येताना कळते. इथे काहीही न कळता शुद्ध जाते, बहुतेक वेळा वर येताना शेवटच्या 10 मीटरमध्ये किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यावर. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना तो निम्मा होतो आणि त्याबरोबर रक्तातल्या प्राणवायूचा दाबही पडतो. 'शुद्ध हरपणे' हाच शब्द ठेवा.

'बडी'ला 'जोडीदार' चालेल, पण काम स्पष्ट लिहा: एक खाली, एक वर. दोघांनी एकदम बुडी मारायची नाही. खालचा वर आल्यावरही निदान अर्धा मिनिट त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. पुढची बुडी मागच्या बुडीच्या किमान दुप्पट वेळ थांबून.

'समदाब साधणे'ला 'कान मोकळे करणे'. पहिल्या एक-दोन मीटरपासूनच, दुखायच्या आधी. दुखलं की वर या.

दिवाळेकर:
अंड्यांसाठी 'गाभोळी' किंवा 'लाख' नको. ती पोटाच्या आत असते आणि ती असलेली मादी लोक आवडीने घेतात. इथे अंडी शेपटीखाली बाहेर चिकटलेली असतात आणि अशी मादी तिथल्या कायद्याने घ्यायचीच नाही. 'अंडी लागलेली मादी' म्हणा. नुकतीच कात टाकलेली, मऊ कवचाची शेवंडही सोडावी लागते.

मापाचा शब्दही जपून. 'शेपटीची रुंदी' म्हटलं की माणूस टोकाचा पंखा मोजतो. मोजायचं असतं दुसरं पेर, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या काट्यांच्या टोकांमधलं सरळ अंतर: नर 54 मिलिमीटर, मादी 60. मादी ओळखायला शेवटच्या पायांची टोकं बघा, तिथे बारीक चिमटा असतो. आपल्याकडे निर्यातीसाठी 2003 पासून वजनाची किमान मर्यादा आहे, पॉलिफॅगसला 300 ग्रॅम. तो वेगळा नियम आहे, सूचनेत मिसळू नका.

कोपरीकर:
असं केलंय: "हात हळू सरकवा, दोन्ही मिशा मुळाशी दाबा, हलवत काढा. माप भरलं नाही तर पाण्यात टाका. दम कमी वाटला की शेवंड ओढून लगेच वर या."

खाडीकाठ, ऐरोली:
शेवटची दोन वाक्यं बदला. 'पाण्यात टाका' नको, वरून टाकलेली शेवंड तळाला पोचेपर्यंत मासे गाठतात. 'कपारीशी नेऊन सोडा'. आणि दम कमी वाटला की ओढायचं नाहीच: 'शेवंड सोडा, वर या'.