मदत हवी आहे : सिकंदराला 'महान' कुणी ठरवलं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात दर महिन्याला कुणीतरी एखाद्या विषयावर अर्धा तास बोलतं. या खेपेला पाळी माझी आहे आणि मी सिकंदर घेतलाय. लढायांची टिपणं झाली आहेत. गाडी अडलीय ती 'महान' या एका शब्दावर.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक पारशी आजोबा राहतात. त्यांना विषय सांगितला, तर हातातला कप बशीत ठेवून ते म्हणाले, "आमच्यात त्याला गुजस्तक म्हणतात, बेटा." गुजस्तक म्हणजे शापित. झरथुष्ट्री परंपरेतल्या जुन्या पहलवी भाषेतल्या ग्रंथांत सिकंदराला हेच विशेषण लावलेलं आहे. त्यानं इ.स.पू. 330 मध्ये इराणी राजधानी पर्सेपोलिसचा राजवाडा जाळला आणि अवेस्ता हा धर्मग्रंथही आगीत गेला, असं ती परंपरा सांगते. आजोबा हे सगळं कालच घडल्यासारखं सांगत होते. मी शाळेपासून 'जगज्जेता' शिकत आले, आणि त्याच माणसाचं नाव एका घरात अजून असं घेतलं जातं!

त्या दिवसापासून माझी टिपणं मला वेगळीच दिसायला लागली. विसाव्या वर्षी गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी, इ.स.पू. 335 मध्ये, थीब्ज हे ग्रीकांचंच नगर त्यानं जमीनदोस्त केलं. सहा हजारांवर माणसं मारली गेली, तीस हजार गुलाम म्हणून विकली गेली. टायर या बेटावरच्या शहराला समुद्रात भराव घालून सात महिने वेढा दिला आणि शहर पडल्यावर दोन हजार जणांना किनाऱ्यावर क्रुसावर चढवलं, असं प्राचीन इतिहासकारच लिहितात. क्लीटस या त्याच्या सरदारानं इराणी फौजेविरुद्धच्या ग्रॅनिकसच्या लढाईत त्याचा जीव वाचवला होता. त्याच क्लीटसला त्यानं दारूच्या बैठकीत स्वतःच्या हातानं भाल्यानं मारलं. बाबिलोनला इ.स.पू. 323 मध्ये वारला, तेव्हा वय अवघं 32. नेमलेला वारस नाही, त्यामुळे राज्याचे लगेच लचके तुटले.

मग 'महान' कसला? मला वाटतं, हा शब्द मागे राहिलेल्या सरदारांच्या गरजेतून आला. टॉलेमी या सरदारानं मायदेशी, मॅसिडोनियाला, निघालेलं त्याचं शव वाटेतच पळवून इजिप्तला नेलं, कारण ज्याच्याकडे शव तो वारस. लायसिमॅकस या दुसऱ्या सरदाराच्या चांदीच्या नाण्याचा एक मोठा फोटो मिळाला, तो मी कितीतरी वेळ बघत बसले होते. वजन सुमारे 17 ग्रॅम. एका बाजूला सिकंदराचा चेहरा, नजर किंचित वर, केसांतून राजपट्टी, आणि कानावरून वळलेलं मेंढ्याचं शिंग, म्हणजे आमोन या इजिप्तच्या देवाचं. राज्य लायसिमॅकसचं, पण नाण्यावर मेलेला राजा देव होऊन बसलाय.

आता अडचण. 'महान' हे बिरुद आज ज्या लिखाणात सगळ्यात आधी सापडतं, ते रोमन नाटककार प्लॉटसचं एक विनोदी नाटक आहे. त्यात एक लबाड गुलाम आपल्या करामतींची बरोबरी 'महान अलेक्झांडर'शी करतो. हे साधारण इ.स.पू. 200 च्या आसपासचं, म्हणजे मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. प्रेक्षकांना शब्द ओळखीचा असणार, त्याशिवाय हशा कसा येईल? मग मधल्या काळात तो रुजला कसा? आणि 'सरदारांनी मोठा केला' असं व्यासपीठावरून म्हणणं रास्त होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, इराणकडूनच सुरुवात करा. बेहिस्तूनच्या शिलालेखात सिकंदराच्या आधीचा इराणी सम्राट दारयवहु स्वतःला 'महान राजा, राजांचा राजा' म्हणवतो. आपल्या 'महाराजा'चाच अर्थ. ती गादी जिंकणाऱ्याला तोच शब्द चिकटणं मला स्वाभाविक वाटतं. पुढे सिकंदराच्याच सेल्युकस या सरदाराच्या वंशातला तिसरा अँटिओकस पूर्वेची मोहीम करून परतला, त्यालाही 'महान' म्हणू लागले.

प्रतिसाद २

सरदारांनी वापर करून घेतला हे खरं, पण सगळं श्रेय त्यांना देऊ नका. एस्किनीझ या वक्त्याचं अथेन्समधलं इ.स.पू. 330 चं भाषण वाचा. सिकंदर तेव्हा जिवंत आहे, आशियात कुठेतरी आत गेलेला. एस्किनीझ म्हणतो की थीब्ज एका दिवसात ग्रीसमधून पुसलं गेलं आणि अलेक्झांडर तर जवळजवळ मनुष्यवस्तीच्या पलीकडे पोचलाय. दोनशे वर्षं ज्या इराणी साम्राज्यापुढे ग्रीक दबून होते, ते चार वर्षांत कोसळलं. हे बघणाऱ्यांचं डोकंच चाललं नसेल. तुम्ही लिहिलेला संहार आणि हा अचंबा एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. 'महान'मध्ये 'चांगला' आपण आज वाचतो.

आणखी एक. बाबिलोनचे ज्योतिषी रोज आकाशाची नोंद मातीच्या पाट्यांवर ठेवत. त्यांच्या एका पाटीत तो शहरात शिरल्याची नोंद आहे, तिथे त्याला 'जगाचा राजा' म्हटलंय. ते तिथलं जुनंच राजबिरुद. आणि इ.स.पू. 323 च्या जूनमधल्या पाटीवर एवढंच : राजा वारला, ढग.

प्रतिसाद ३

आजोबांना हेही सांगा की फिरदौसी या कवीनं शाहनामा या फारसी महाकाव्यात सिकंदराला इराणी राजाचाच मुलगा करून टाकलंय. म्हणजे एकाच भूमीत तो शापितही आहे आणि घरचाही. आपल्याकडे तो आला तो या फारसी वाटेनं. अल्लाउद्दीन खिलजीच्या नाण्यांवर 'दुसरा सिकंदर' असं बिरुद आहे. प्राचीन भारतीय ग्रंथांत मात्र त्याच्या स्वारीची ओळही नाही, आणि तरी आपण कुणाचं भलं झालं की 'नशीब सिकंदर' म्हणतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'सरदारांनी मोठा केला' हे वाक्य काढून टाकते. सुरुवात त्या मातीच्या पाटीपासून करीन, मग नाणं, मग प्लॉटसचा गुलाम. थीब्जचे आकडे मात्र तसेच ठेवणार आहे, वेळ कमी पडला तर एखादी लढाई गाळीन. आजोबांना शाहनाम्याचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ते माहीत आहे. माझी आई ती गोष्ट सांगायची." भाषणाला पहिल्या रांगेत बसणार आहेत. पर्सेपोलिसच्या आगीबद्दल दोन मिनिटं त्यांनीच बोलावं, अशी मी त्यांना विनंती केली आहे.

अजून एक मदत : त्या मृत्यूच्या नोंदीच्या पाटीचा स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर इथे टाकाल का? मोठी प्रिंट काढून फळ्यावर लावायची आहे.